एकट्याचं पान

लीलावतीच्या खाणावळीला पाटी नव्हती. नागपूरला होती, पत्र्याची. ती सामानात बांधून भोपाळला आणलीसुद्धा, पण इथे आल्यावर तिचा उपयोग शेगडीमागे वारा अडवायला झाला. भोपाळचा वारा तळ्यावरून उठायचा तो सरळ लीलावतीच्या शेगडीवरच येऊन टेकायचा. आणि पाटी लावून करायचं तरी काय? जवाहर चौकातून आतल्या गल्लीत वळलं की कढीची फोडणीच सांगायची, कोणत्या दारात शिरायचं ते.

ही बाई भोपाळला आली कशी, ते आधी सांगायला हवं. नवरा गेला तेव्हा ती पुरती तिशीचीही नव्हती. मूलबाळ नाही. दिराने वाटणीत पितळेची भांडी तेवढी दिली, वर म्हणाला, वहिनी, तुमच्या वाट्याला सगळ्यात जड तेच आलं. ते मात्र खरं होतं. भांडी मोठी होती, म्हणून तिने त्यांना शोभतील एवढी माणसं जेवायला घालायला सुरुवात केली. नागपूरच्या कचेरीमागच्या गल्लीत कारकून, टायपिस्ट, नकाशे काढणारे असे सगळे तिच्याकडे दोन्ही वेळा जेवायचे आणि तिला मावशी म्हणायचे.

मग स्वातंत्र्य आलं, त्यामागून काही वर्षांनी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. नागपूर एका राज्यात गेलं, राजधानी दुसऱ्या राज्यात, भोपाळला. ज्यांच्या नावापुढे भोपाळ लागलं त्यांनी वळकट्या बांधल्या. फायली गेल्या, कपाटं गेली, आणि त्यांच्यामागे लीलावतीची पंगत चालली.

"मावशी, तुमची काय व्यवस्था?" दत्तूने विचारलं. दत्तू पंगतीतला सगळ्यात थोराड. जीभ तिखट, पोट मोठं.

"माझी कसली व्यवस्था? सरकार कपाटं नेतंय ना? मला एका कपाटात घाला."

सगळे हसले. तिला मात्र हसून झाल्यावर वाटलं, खरंच, हे गेले तर इथे रांधायचं कोणासाठी? महिन्याभरात तीही गाडीत बसली. भांडी सामानाच्या ब्रेकच्या डब्यात, आणि मांडीवर झाकण घट्ट बांधलेलं विरजणाचं बोळकं. ते विरजण तिच्या सासूच्या हातचं. सासूने तिला आयुष्यात दिलेली गोड वस्तू म्हणजे हे आंबट दही एवढंच, असं ती म्हणायची. इटारसीला गाडी बराच वेळ खोळंबली तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, मांडीवर काय, देव आहेत का? लीलावती म्हणाली, "देवच म्हणा. रोज दूध लागतं."

भोपाळला तेव्हा टी. टी. नगर ही सरकारी वसाहत म्हणजे अर्ध्या भिंती आणि पुरी धूळ. काळ्या मातीत घरांच्या रांगा उठत होत्या, पण कुटुंबं आणावीत असं अजून काही नव्हतं. चार-चार माणसं एकेका खोलीत पथाऱ्या टाकून राहायची. बायका-मुलं मागे विदर्भात, आणि ही माणसं इथे, हिंदीत "क्या है कि" करत. जेवायला मात्र सगळी मावशीच्या ओसरीवर. गोळाभात, चिंच-गुळाचं वरण, कोथिंबिरीची सांबारवडी असली की त्यांना आपण घरीच आहोत असं वाटायचं. गवळी नन्हे खाँ सायकलवरून दुधाचा मोठा कॅन घेऊन यायचा आणि अर्धाअधिक इथेच रिकामा करायचा. "मौसी, आपकी बारात रोज खाती है," म्हणायचा.

खाणावळीचा एकच नियम होता. एकट्याचं पान मांडायचं नाही. लीलावतीच्या माहेरी गेलेल्या माणसाच्या नावाने एक पान वेगळं मांडत. जिवंत माणसाने निदान दुसऱ्याच्या समोर बसून जेवावं, असं तिची आजी म्हणे. तेव्हा जो पहिला येईल त्याने दुसरा येईपर्यंत थांबायचं. साहेब असला तरी थांबायचं. दत्तूला भूक धरवत नसे. तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायचा, "जेवता का हो? नुसते बसा समोर. एकटा जेवलो तर मावशी मला मेल्यात काढते."

पहिल्याच हिवाळ्यात शांतारामला मुदतीचा ताप आला. शांताराम वैरागडे, अमरावतीकडचा, पंगतीत सगळ्यात कमी बोलणारा. वाढलेलं सगळं संपवायचा, पण पोळीचा चतकोर बाजूला राखून ठेवायचा आणि अगदी शेवटी गुळाशी खायचा. ती त्याची लहानपणची सवय. तापात लीलावतीने त्याला तिथेच, धान्याच्या पोत्यांशेजारी खाट टाकून ठेवलं. भाताची पेज, मग मऊ भात, मग ताकभात. उठून बसला त्या दिवशी त्याने विचारलं, "मावशी, चतकोर?" तेव्हा तिला कळलं, पोरगं वाचलं. त्या वेळेस तिने पदराने नाक पुसलं आणि सर्दी झाली म्हणून सांगितलं.

हळूहळू घरं पुरी झाली. कोणाला क्वार्टर मिळालं की तो आनंदाने ओरडत यायचा, आणि लीलावतीचा त्याच्याहून जास्त आनंद. आदल्या दिवशी पुरण घालायची आणि जाताना छोट्या बोळक्यात विरजण द्यायची. नव्या घरात पहिलं दही आपल्या विरजणाचं लागलं पाहिजे, हा तिचा हट्ट. ज्यांना क्वार्टर मिळूनही आळस होता त्यांना तीच टोचायची.

"अरे, तिकडे ती सासूची बोलणी खातेय आणि तू इथे माझी कढी पितोस. आण की तिला."

सुभाष टायपिस्ट एकदा म्हणाला, "मावशी, असंच सगळ्यांना घरी पाठवलंत तर तुमच्या पंगतीत बसणार कोण?"

"मग काय तुमच्या बायका तिकडे वाळत घालू? जा, पत्र टाक."

पहिली आली दत्तूची सुमित्रा. मग एकेक करून बाकीच्या. पंगत समोरासमोर बसायची ती एका ओळीवर आली, मग ओळ अर्ध्या ओसरीवर. नन्हे खाँचा कॅन आता इथून जड-जडच पुढे जाऊ लागला. त्याने एकदा भीतभीत विचारलं, "मौसी, दूध कुछ कम कर दूँ?" ती म्हणाली, "कम नको करू. आज कोई आएगा." तसं तिने बरेच दिवस सांगितलं. मग नासलेल्या दुधाची वडी करून करून तिलाच कंटाळा आला, आणि एक दिवस तिने आपणहून लहान भांडं पुढे केलं. खाँने ते भरलं, वर थोडं जास्तीचं घातलं.

पोळ्या लाटायला कांचन होती. तिला एका नव्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकाचं काम मिळालं, दत्तूच्या शेजारीच. ती सांगायला आली तेव्हा दोघींनी मिळून परातीतलं पीठ मळून संपवलं, आणि मग दोघींच्या लक्षात आलं की एवढ्या पोळ्या खायला कोणी नाही. "घेऊन जा घरी," लीलावती म्हणाली. "आणि तिथे पोळ्या अशाच जाड लाटू नकोस. त्या लोकांना माझ्यासारखी सवय नाही."

सुभाषचंही लग्न झालं. राहिला शांताराम.

त्याची बायको वसुधा त्याच्या आजारी आईजवळ अमरावतीला होती. म्हातारी गेली असं सांगून तो सुटी घेऊन गेला आणि तेरावं करून परत आला. लीलावतीने दिवस जाऊ दिले, मग विचारलं, "आता आणशील ना तिला?" तो पानाकडे बघत म्हणाला, "बघू. क्वार्टरचं अजून नक्की नाही." दिवाळीनंतर त्याने सकाळचं जेवण बंद केलं. कचेरीची वेळ बदलली म्हणाला, तिथेच काहीतरी खातो. रात्रीचा मात्र येई, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात, एक दिवस न चुकता.

नियमाचं काय करायचं हा प्रश्न होता. जेवणारा एकच, समोर कोण बसणार? लीलावती विधवा बाई, वाढणारी; तिने पुरुषाच्या पंगतीला बसणं गल्लीला रुचलं नसतं, आणि तिलाही नाही. म्हणून ती समोर दुसरा पाट मांडायची, ताट ठेवायची, त्यात मीठ-लिंबू वाढायची आणि म्हणायची, येणाऱ्याचं आहे. येणारा काही यायचा नाही. शांताराम गेल्यावर तीच ते ताट चुलीपाशी ओढून जेवायची.

एका माणसावर खाणावळ चालते का? चालत नाही. पण शेगडी पेटते. सकाळी उठल्यावर आज काय करू हा विचार करायला माणूस मिळतो. लीलावतीला तेवढंच हवं होतं. शांताराम येतोय तोवर खाणावळ आहे, एवढं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. तोही चवीने जेवायचा. थोडा सुटलाही होता. "कोटाची बटणं आणि काजं आता एकमेकांना पत्रं पाठवतात," ती त्याला म्हणाली, तेव्हा तो हसला, आणि उगीचच लाजल्यासारखा झाला. दत्तू मात्र अलीकडे रस्त्यात भेटला तर विनोद न करता पुढे सटकायचा. लीलावतीला वाटलं, माणसाला बढती मिळाली की असं होतं.

संक्रांत होऊन गेली होती. थंडी चांगलीच होती. संध्याकाळी दिवा लावून ती शेगडीशी बसली तेव्हा दारात एक मुलगी आली. हातात रिकामी वाटी, डोक्यावरून शाल.

"लीलावतीमावशी तुम्हीच ना? सुमित्रावहिनींनी पाठवलं. माझं दही लागतच नाही हो. रोज दुधाचं नुसतं पाणी होतं. त्या म्हणाल्या, इथे सगळ्यांकडे तुमचंच विरजण आहे."

"या थंडीत नाही लागायचं. भांडं पिठाच्या डब्यात पुरून ठेव, वर गोधडी टाक. बस. नवीन आलीस?"

"दिवाळीनंतर आले. सासूबाई गेल्या, मग ह्यांनी आणलं."

दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं नसतं. लक्ष्मी जाते म्हणतात. लीलावती तिला म्हणणार होती, उद्या सकाळी ये. पण मुलगी पाटावर टेकली आणि तिचे डोळे भरून आले. परक्या गावात कोणी नुसतं बस म्हटलं तरी असं होतं.

"काय गं?"

"काही नाही. मावशी, तुमच्याकडे एवढी माणसं जेवली. मला सांगाल का, पुरुषांना जेवण आवडलं नाही तर ते सांगतात का?"

"सांगतात. पोट भरेपर्यंत खातात आणि मग सांगतात."

मुलगी हसली, पण ते हसू टिकलं नाही. "आमच्याकडे सांगत नाहीत. रात्री काम असतं म्हणून उशिरा येतात. पानावर बसतात, भात इकडचा तिकडे करतात, आणि भूक नाही म्हणतात. आधी असे नव्हते. सासूबाई सांगायच्या, पोळीचा चतकोर शेवटी गुळाशी खाल्ल्याशिवाय उठत नाही म्हणून. मी रोज गूळ वाढते. तो तसाच राहतो. माझ्याच हाताला चव नाही, दुसरं काय. ते रागावत नाहीत, त्याचंच वाईट वाटतं."

लीलावतीच्या हातात पळी होती. ती तिने खाली ठेवली.

चतकोर आणि गूळ. अमरावती. दिवाळीनंतर. पुढचं विचारायची गरज नव्हती. तो इथे जेवून जात होता आणि घरी जाऊन पुन्हा पानावर बसत होता. रोज. बटणं उगीच ताणली नव्हती. आपण त्याला जेवू घालतोय, असं ती समजत होती; आणि तो आपल्याला जेवू घालू देत होता.

पहिल्यांदा तिला राग आला. कोणी आपली कीव करावी, इतके का दिवस आले? मग राग गेला आणि भीती आली. ही मुलगी आता वाटी घेऊन जाईल. आपण काही बोललो नाही, तर शांताराम घटकाभरात येईल, दोन पानं मांडली जातील, उद्या शेगडी पेटेल. गप्प बसायला काय लागतं? काहीच नाही.

"मग तू काय करतेस?" तिने विचारलं.

"काय करणार. ते उठतात, झोपतात. मी मागाहून बसते. एकटीच."

लीलावतीने शेगडीतले निखारे सारखे केले.

"एकटीने बसायचं नाही," ती म्हणाली. "काय नाव तुझं?"

"वसुधा."

तिने शिंकाळ्यावरचं बोळकं काढलं. वाटीत चमचाभर घालायचं, बाकीचं ठेवायचं, अशी रीत. तिने वाटी बाजूला सारली आणि बोळकंच वसुधाच्या हातात दिलं.

"अहो, सगळं? आणि दिवे लागलेत…"

"माझी लक्ष्मी म्हातारी आहे. तिला अंधारातही वाट दिसते. घेऊन जा. आणि ही कालच्या दह्याची वाटी वेगळी घे. आज रात्री कढी कर. ताक फार आंबट नको, मेथीचे दाणे तुपात लाल झाले की उतरव, काळे होऊ देऊ नकोस. आणि दोन पानं मांड. समोरासमोर. आज तो जेवेल."

"तुम्हाला कसं माहीत?"

"थंडी आहे. थंडीत कढी सोडून कोण उठतं? जा, दूध उतू जाईल."

वसुधा बोळकं छातीशी धरून गेली. लीलावतीने मोकळ्या शिंकाळ्याकडे पाहिलं नाही. तिने भाताचं आधण ठेवलं होतं ते उतरवलं. एकच पोळी लाटली.

शांताराम नेहमीच्या वेळेला आला. चपला काढल्या, हात धुतले, आणि ओसरीवर थबकला.

"मावशी, आज येणाऱ्याचं पान नाही मांडलं?"

"आज पहिलंही नाही मांडलं. बस."

तो पाटावर बसला. तिने त्याच्या पुढ्यात छोटी ताटली ठेवली. पोळीचा चतकोर आणि गुळाचा खडा.

"शेवटचा घास आधी?" तो हसून म्हणाला.

"इथला शेवटचा. बाकीचं जेवण घरी आहे. कढी केलीय. दही माझं आहे, हात तिचा. फोडणी जळली असेल तर काही बोलू नकोस. सुरुवातीला जळते."

त्याने मान खाली घातली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तापातून उठला तेव्हा होत्या तशा.

"ती आली होती?"

"विरजणाला माझ्याकडे कोणीही येतं."

"मावशी, मला वाटलं…"

"तुला काय वाटलं ते कळलं मला. बरं वाटलं म्हणून सांगू की वाईट, ते अजून मलाच कळत नाहीये. पण शांताराम, ती तुझ्यासाठी थांबते. तू इथे दोन पानं मांडून जेवतोस आणि तिथे तिचं एकटीचं पान मांडतोस. माझ्या घरात तू एवढी वर्षं काय शिकलास?"

त्याने गुळाचा खडा बोटाने ताटलीत फिरवला. मग म्हणाला, "मी आलो नाही तर तुमचं काय?"

"माझं काय? जरा लवकर झोपेन. पाठ दुखते हल्ली."

"खाणावळ?"

"खाणावळ कुठे आहे रे? तू होतास, म्हणून मी म्हणत होते." तिने ताटली थोडी पुढे सरकवली. "खा. गूळ नवीन आहे."

त्याने चतकोराचे तुकडे केले, गुळाला लावले, आणि सावकाश खाल्ले, एवढं एक जेवण पुरवायचं असल्यासारखे. उठताना तिच्या पाया पडला. ती म्हणाली, "पुरे, बटण तुटेल." तो दारापर्यंत गेला आणि वळला नाही. वळला असता तर ती अजून काहीतरी बोलली असती, आणि तिच्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग तिने पाट एकावर एक रचून भिंतीशी उभे केले. मोठं पितळी पातेलं घासून पालथं घातलं. ते पालथं घालायची गेल्या कित्येक वर्षांत वेळ आली नव्हती, त्यामुळे त्याचं बूड वर करून पाहिलं तर तिथे सासऱ्यांचं नाव कोरलेलं, जवळपास झिजून गेलेलं.

सकाळी नन्हे खाँ आला. तिने छोटी लोटी पुढे केली.

"बस इतना, मौसी?"

"बस इतना. चाय का."

"और दही नहीं जमाओगी?"

ती म्हणाली, "जामन नहीं है." खाँला वाटलं ती थट्टा करतेय. सगळ्या टी. टी. नगरात जिच्या घरचं दही लागतं, तिच्याकडे विरजण नाही? पण ती हसत नव्हती, म्हणून तोही हसला नाही.

विरजण मागायला ती कोणाकडे गेली नाही. सुमित्राकडे गेली असती तरी मिळालं असतं, वसुधाकडे गेली असती तर वसुधाने भांडं भरून दिलं असतं. पण आपलीच वस्तू मागायची तर कोणत्या तोंडाने? शांताराम त्यानंतर या गल्लीने जाईनासा झाला. लाजला असेल. घरी जेवून सुखी आहे असं कांचन सांगायची. वसुधाची कढीही आता सुधारली होती म्हणे. लीलावती म्हणायची, सुधारणारच, दही कोणाचं आहे.

दुपारी भूक लागली की ती मूठभर तांदूळ शिजवायची. ताट काढायला हात जायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. एकट्याचं पान मांडायचं नाही. म्हणून त्या दिवसापासून लीलावतीने पान मांडलंच नाही. शेगडीपाशी उभ्यानेच, पातेल्यात भात कालवायची, आणि दाराकडे पाठ करून जेवायची.